मद्यपान, आत्मघात आणि लोकरीती

दारूच्या आहारी गेलेला मनुष्य एक दिवस जिवाचे बरेवाईट करून घेतो, अशी समजूत बहुतेक समाजांत आढळते. १८९७ साली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात या समजुतीलाच आव्हान दिले. त्या वेळच्या जर्मनीतील पोझेन प्रांतात वस्ती बहुतांशी पोलिश लोकांची. मद्य रिचविण्यात हा प्रांत सर्वांच्या पुढे, पण आत्महत्यांत अगदी मागे. तेव्हा मद्याचा आत्महत्यांच्या प्रमाणाशी कार्यकारणसंबंध जोडता येत नाही, असे त्याने प्रतिपादन केले.

या प्रतिपादनाची कसोटी पुढे एका सरकारच्या हातून, आणि तीही नकळत, लागली. मे १९८५ मध्ये सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह यांच्या राजवटीने मद्यविरोधी मोहीम हाती घेतली. विक्रीचे तास घटले, किमती चढल्या, खरेदीसाठी वयाची मर्यादा अठरावरून एकवीस झाली. लोकांनी घरोघरी हातभट्ट्या लावल्या आणि दुकानांतली साखर दिसेनाशी झाली, हा भाग निराळा! आत्महत्यांचे आकडे तेथे दीर्घकाळ गुप्त असत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते खुले झाले, तेव्हा अभ्यासक चकित झाले. रशियात १९८४ साली दर लाख वस्तीमागे सुमारे ३८ आत्महत्या होत. १९८६ साली त्या सुमारे २३ वर आल्या. अलेक्सांद्र नेम्त्सोव्ह या रशियन संशोधकाने तर असे दाखविले की, ही घट मुख्यतः ज्यांच्या रक्तात मद्य आढळे अशांच्या आत्महत्यांत झाली होती. मोहीम ढेपाळली, मागाहून संघराज्यही कोसळले, आणि १९९४ पर्यंत रशियातील प्रमाण चाळिसाच्या वर गेले. या चढामागे दारूइतकीच बेकारी आणि दैन्यही होते, हे विसरून चालणार नाही.

मग दुर्खीमचे चुकलेच का? तसे सरसकट म्हणता येत नाही. मोहीम साऱ्या संघराज्यात होती, परंतु तिचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. रशिया, बेलारूस आणि बाल्टिक प्रदेश यांत आत्महत्या पुष्कळ घटल्या. कॉकेशसमध्ये त्या मुळातच थोड्या होत्या. आता जॉर्जिया हा काही मद्यवर्ज्य मुलूख नव्हे. द्राक्षासव हे तेथील घराघरांतले पेय. पण तेथे पिणे होते ते मेजवानीत, आप्तेष्टांच्या पंक्तीत. ‘तमादा’ नावाचा यजमानपदी बसविलेला पुरुष प्रत्येक पेल्याआधी काही बोलतो. पूर्वजांची, पाहुण्यांची, मुलाबाळांची आठवण काढतो, आणि मगच पेला उचलायचा. उत्तरेकडील रीत वेगळी. तेथे व्होडका, आणि तीही थोड्या वेळात भरमसाट. अशा नशेत मनाचा लगाम सुटतो. जो विचार रात्रभरात ओसरला असता, तो तत्क्षणी कृतीत उतरतो. मद्य दुःख निर्माण करते असे नव्हे. दुःख आणि कृती यांमधला अवधी ते हिरावून घेते. तो अवधी राखणारी माणसे जवळ आहेत की नाहीत, यावर बरेच काही अवलंबून असते.

हा भेद वंशाचा आहे असे मानण्याचा मोह मात्र टाळावा. एस्टोनियात स्थायिक झालेल्या रशियनांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या वर्षांत या रशियनांतील आत्महत्यांचे प्रमाण मूळच्या एस्टोनियनांपेक्षा कमी होते. १९९१ साली एस्टोनिया स्वतंत्र झाला. कालपर्यंत राज्यकर्त्यांच्या जातीचे म्हणून वावरणारे लोक अल्पसंख्य ठरले, आणि अनेकांचे तर नागरिकत्वही अनिश्चित झाले. त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्यातील प्रमाण एस्टोनियनांच्याही वर गेले. रक्त तेच, भाषा तीच, व्होडकाही तीच. पालटले होते ते समाजातील त्यांचे स्थान.