न शिकवता शिकलेले



मानसशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपण साहित्याच्या व्यासपीठावर बोलावलेत, याबद्दल मनापासून आभार. पत्रिकेत विषय ‘अभिसंधान’ असा छापला आहे. शब्द जड असला, तरी गोष्ट घरातलीच आहे. दुपारी स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या की चहाची तल्लफ येते. आधण अजून ठेवलेलेही नसते. एका गोष्टीपाठोपाठ दुसरी वारंवार आली, की पहिलीच दुसरीची वर्दी देऊ लागते. हेच अभिसंधान.

याचा शोध रशियात, सेंट पीटर्सबर्गला लागला, आणि तोही दुसरेच काही शोधताना. इव्हान पाव्हलॉव्ह हे पचनक्रियेचे संशोधक. १९०४चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळाले. कुत्र्यांची लाळ मोजताना असे दिसले, की अन्न तोंडात पडण्याआधी, ते आणणारा माणूस दिसताच लाळ सुटते. पाव्हलॉव्हांनी हीच गोष्ट अभ्यासाला घेतली. मेट्रोनोमची टिकटिक ऐकवून अन्न दिले. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीनेही लाळ येऊ लागली. मग टिकटिक करायची आणि अन्न द्यायचे नाही, असे वारंवार केल्यावर लाळ आटत गेली. याला विलोपन म्हणतात. खरी मेख पुढेच आहे. मध्ये थोडा काळ जाऊ देऊन टिकटिक केली, की आटलेली लाळ पुन्हा येई. म्हणजे शिकलेले पुसले गेले नव्हते; त्यावर फक्त दुसरा थर बसला होता.

आता लाळेच्या जागी भीती ठेवून पाहा. १९२० साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले जॉन वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ‘अल्बर्ट’ या नावाने तो ओळखला जातो. पांढऱ्या उंदराकडे हा मुलगा आधी कुतूहलाने पाही. अकरा महिन्यांचा असताना, त्याने उंदराला हात लावला की मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारायचा, असे सुरू झाले. सात वेळा असे झाल्यावर नुसता उंदीर दिसताच तो रडू लागला. पुढे ससा आणि केसाळ कोटही त्याला नकोसे झाले. ती भीती काढून टाकण्याआधीच मुलाला रुग्णालयातून नेण्यात आले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि एका मुलावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हेही खरे. पण वर्गात हा प्रयोग शिकवताना मला दरवेळी एकच प्रश्न पडे : हातात हातोडा नसताना आपण असे कितीदा करतो?

उत्तर मला माझ्याच घरात मिळाले. माझी नात सहा वर्षांची असताना धावत आली आणि म्हणाली, “आजोबा, माझा पुस्तक हरवला!” दिवसभर हिंदीत वावरणारे लेकरू, त्याला नपुंसकलिंग कुठून सुचणार? आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत मोठ्याने. पाहुण्यांना हा किस्सा सांगितलाही. कोणाच्या मनात वाईट नव्हते. पण काही महिन्यांत ती आमच्याशी हिंदीतच बोलू लागली. आम्ही तिला व्याकरण शिकवत होतो. ती शिकली की मराठी बोलले की लोक हसतात.

भाषा केवळ बक्षीस-शिक्षेने येते, हे बी. एफ. स्किनर यांचे म्हणणे नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली खोडून काढण्याचा प्रयत्न केला, आणि माझाही कल चॉम्स्कींकडेच आहे. मूल नियम स्वतः शोधून काढते. पण तोंड उघडावे की गप्प राहावे, हे मात्र ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून ठरते. इथे स्किनर खरे ठरतात : ज्या कृतीमागून सुख येते ती वाढते, जिच्यामागून लाज येते ती दबते.

यावर उपाय आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या सशाला भिणाऱ्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचे खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि रोज जरा जवळ आणायचा. न भिणारी मुलेही सोबत असत. मध्येच तो तापाने रुग्णालयात राहिला, परतताना मोठ्या कुत्र्याला घाबरला, आणि भीती पुन्हा उफाळली. जोन्सबाईंनी पुन्हा लांबून सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

आम्हीही तेच केले. झोपताना गोष्ट मराठीत, उत्तर कोणत्याही भाषेत. चूक झाली तर टोकायचे नाही. तेच वाक्य आपल्या बोलण्यात नीट वापरायचे. वर्ष गेले. आता ती मराठीत भांडते. तिची लिंगे अजून चुकतात, आणि कधी पाहुण्यांपुढे जुनी भीड परत येते. पाव्हलॉव्हांनी सांगितलेच होते, की पुसले काहीच जात नाही.

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली आपण माणसे शुद्ध मराठीचा अभिमान बाळगतो, बाळगावाच. पण घरात मूल बोलायला तोंड उघडेल तेव्हा आधी आपल्या चेहऱ्याकडे पाहील, एवढे ध्यानात असू द्यावे.