तेजी आली, पदवीधराच्या दारी केव्हा?

(पदवीधर तरुण व त्यांचे पालक यांच्या सभेत संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वृत्तपत्र उघडावे तर पहिल्या पानावर देशाच्या प्रगतीचे आकडे असतात, आणि घरात नजर टाकावी तर पदवीचे भेंडोळे घेऊन बसलेला मुलगा दिसतो. या दोहोंपैकी खरे काय, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारला आहे. माझे उत्तर असे की, दोन्हीही खरी आहेत. मंदी जाताना सर्वांच्या दारावरून एकाच दिवशी जात नाही, हे एकदा ध्यानी आले म्हणजे हे कोडे उलगडते.

२०२०-२१ हे महामारीचे वर्ष. त्या वर्षी राष्ट्राचे उत्पन्न घटले. २०२१-२२ पासून ते पुन्हा वाढू लागले. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीप्रमाणे २०२२-२३ मध्ये एकंदर बेकारीचे प्रमाण ३.२ टक्क्यांवर उतरले. परंतु त्याच पाहणीत पदवीधरांमधील बेकारी १३.४ टक्के होती. तरुणांपुरते पाहिले तर चित्र अधिकच गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व दिल्लीची मानव विकास संस्था यांचा २०२४ चा अहवाल सांगतो की, २०२२ मध्ये ज्या तरुणांना लिहितावाचता येत नव्हते त्यांच्यात बेकारी ३.४ टक्के होती, तर पदवीधर तरुणांत २९.१ टक्के!

यावरून कोणी घाईने असा निष्कर्ष काढील की शिक्षणच व्यर्थ. तो निष्कर्ष मला मान्य नाही. निरक्षर मनुष्याला बेकार राहणे परवडत नाही. सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम त्याला पत्करावे लागते आणि अर्धपोटी राबूनही त्याची गणना ‘कामावर असलेल्यां’त होते. पदवीधर थांबतो, कारण आईबापांनी त्याच्यासाठी एक दाणा पेरलेला असतो आणि त्याचे कणीस हाती यावे अशी सर्वांची अपेक्षा असते.

आता तेजीची चाल पाहा. धंद्याला बरकत येऊ लागली म्हणजे कारखानदार प्रथम असलेल्या माणसांकडून जादा तास काम करून घेतो. मागणी टिकेल असे वाटले म्हणजे तो अनुभवी माणूस शोधतो. भरवसा पक्का झाल्यावरच तो नवख्या पदवीधराकडे वळतो, कारण नवख्याला शिकवण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून रांगेत पदवीधर शेवटी उभा असतो. आणि वारा फिरला की रांग शेवटाकडूनच तुटते. २०२१-२२ मध्ये टीसीएस या एका कंपनीने सुमारे एक लाख नवे पदवीधर घेतले. पण २०२३-२४ च्या अखेरीस टीसीएस, इन्फोसिस व विप्रो या तिघींचे मिळून मनुष्यबळ आदल्या वर्षापेक्षा सुमारे ६४ हजारांनी कमी झाले होते. २०२१ ची तेजी पाहून ज्यांनी संगणकाची वाट धरली, ते बाहेर पडले तेव्हा दार मिटत होते. यात त्यांचा अपराध कोणता?

कोणी म्हणेल, वर्षदोन वर्षांचा उशीर झाला तर काय बिघडले? मित्रहो, पुष्कळ बिघडते. येल विद्यापीठाच्या लिसा कान यांनी अमेरिकेत १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्या तरुणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. मंदीच्या वर्षी बाहेर पडलेल्यांचे वेतन पंधरा वर्षांनंतरही मागे राहिलेले त्यांना आढळले. जपानची कथा याहून विदारक आहे. तेथे मोठ्या संस्था त्या त्या वर्षीच्या नव्या पदवीधरांनाच एप्रिलमध्ये एकत्र रुजू करून घेत. १९९३ ते २००४ या काळात हे दार जवळजवळ बंद झाले. पुढे मागणी वाढली, पण ती त्या वर्षीच्या ताज्या पदवीधरांना. मागचे राहिले ते राहिलेच. २०१९ मध्ये ताकाराझुका या शहराच्या नगरपालिकेने याच पिढीसाठी तीन जागा काढल्या, तेव्हा अठराशेंवर अर्ज आले! अर्जदार पस्तिशी-चाळिशीतले होते. एक अख्खी पिढी दाराबाहेर कशी राहते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्याकडे ही पिढी सरकारी परीक्षांच्या मांडवात दाटीवाटीने बसलेली आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची परीक्षा पुन्हा एकदा पुढे ढकलताच पुण्याच्या रस्त्यावर विद्यार्थी उतरले. तो संताप एका तारखेपुरता नव्हता; वय निघून चालल्याचा तो आक्रोश होता.

सरकारे स्वस्थ बसली आहेत असे मी म्हणणार नाही. आपण सीमेवरची माणसे दोन्हीकडे पाहतो. कर्नाटकाने २०२३ च्या अखेरीस बेकार पदवीधराला दरमहा तीन हजार रुपये देणारी ‘युवा निधी’ योजना सुरू केली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये कार्यप्रशिक्षण घेणाऱ्या पदवीधराला दरमहा दहा हजारांचे विद्यावेतन ठरविले. हेतू स्तुत्य आहे. पण कर्नाटकाची योजना आरंभी २०२२-२३ या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांसाठी होती. ज्यांनी महामारीच्या ऐन वर्षांत पदवी घेतली, ज्यांचा घास खरोखर हिरावला गेला, ते तिच्या बाहेरच राहिले. महाराष्ट्राच्या योजनेत प्रशिक्षणाची मुदत आरंभी सहाच महिन्यांची होती. सहा महिन्यांनंतर काय, याचे उत्तर त्या तरुणाने कोणाकडे मागावे?

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. वि. स. पागे यांनी जिचा पाठपुरावा केला त्या योजनेचे मूळ तत्त्व असे, की काम मागणाऱ्याला काम देणे हे दान नव्हे, ते शासनाचे कर्तव्य आहे. ती हमी अंगमेहनतीपुरती राहिली. पदवीधराच्या हाती कुदळ द्या असे मी म्हणत नाही; पण ते तत्त्व त्यालाही लागू आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. भरतीचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे आणि ते पाळले जावे. शासनाच्या दिरंगाईने गेलेली वर्षे उमेदवाराच्या वयातून वजा व्हावीत. मंदीच्या वर्षी पदवी घेतलेल्यांना प्रत्येक योजनेत प्रथम स्थान मिळावे. उद्यमबागेतील कारखानदारांनाही माझी विनंती आहे, की अर्जात दोन वर्षे कोरी दिसली म्हणून तो बाजूला सारू नका. ती वर्षे आळसाची नव्हती, काळाची होती. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून अस्तित्वात आहे. त्याखाली पदवीधरालाही घेता येते. ओतशाळेच्या हिशेबाला, प्रतवारीला, परगावच्या ग्राहकाशी पत्रव्यवहाराला शिकलेला माणूस लागतोच.

तरुणांनो, तुमच्याशीही दोन परखड शब्द बोलले पाहिजेत. परीक्षा जरूर द्या, पण तिला आपल्या आयुष्याची किती वर्षे द्यायची हे आजच ठरवा आणि घरी सांगून टाका. मधल्या काळात लहान काम आले तर ते कमीपणाचे मानू नका. हात चालू राहिला की मन खचत नाही. आणि पालकहो, शेजाऱ्याचा मुलगा लागला, तू का नाही, हा प्रश्न आजपासून घरात विचारू नका. त्याचे उत्तर पुष्कळदा मुलाच्या गुणपत्रिकेत नसते. त्याने ज्या वर्षी पदवी घेतली त्या वर्षात असते.

तेजी आली आहे, असे सांगणाऱ्यांना आपण एवढेच विचारू, की रांगेतला शेवटचा तरुण आत गेला का? तो आत जाईपर्यंत आपली मागणी थांबणार नाही.