संगणकावरून मोबाईल चालविणे : सोय आणि सावधगिरी

(मंगरूळपीर येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोयाबीन, तुरीचा चुकारा आता पुष्कळदा बँकेत जमा होतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी, पीक विम्याची भरपाई, सारे काही खात्यातच. त्या खात्याची किल्ली आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. हा मोबाईल हात न लावता, कोठल्याही तारेवाचून, दुसऱ्याच्या संगणकावरून चालविता येतो. तो कसा, हे आज समजून घ्यावयाचे आहे.

दूरवरून यंत्र चालविणे आपल्याला नवे नाही. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे उपकरण काढले. घरी बसून मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू किंवा बंद करता येऊ लागली आणि रात्रीबेरात्री शेतात जाण्याचा त्रास वाचला. मात्र अशी पेटी मालकाचा चेहरा पाहत नाही. ठरलेला आकडा देईल त्याचे ऐकते. मोबाईलचेही तसेच आहे.

आता पद्धती पाहू. संगणक व मोबाईल एकाच घरात असतील तर मायक्रोसॉफ्टचे ‘फोन लिंक’ वापरावे. संगणकावर एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र, म्हणजे क्यूआर कोड, येते. ते मोबाईलने टिपले की जोडणी होते. मग संगणकावरच एसएमएस वाचता व लिहिता येतात, फोटो पाहता येतात, काही मोबाईलचा तर पूर्ण पडदाच तेथे दिसतो. ‘एससीआरसीपीवाय’ हे फुकटचे साधन अँड्रॉईड मोबाईलचा पडदा संगणकावर आणते व माऊसने चालविते. त्यासाठी अँड्रॉईड ११ पासून ‘वायरलेस डीबगिंग’ ही सोय आहे. दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर असावीत आणि मोबाईलवर दिसणारा ६ आकडी क्रमांक संगणकावर टाकावा. काम झाल्यावर ही सोय बंद करावी. गटाच्या सचिवाला शंभर सभासदांना भाव कळवायचे असतील किंवा डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नसेल, तर याचा उपयोग चांगला होतो.

दूरच्या गावाहून मोबाईल चालवायचा असेल तर ‘एनीडेस्क’, ‘टीमव्ह्यूअर’ अशी ॲप आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला आणि वडील गावी, ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये काही अडले, तर मुलगा आपल्या संगणकावरून वडिलांचा पडदा पाहून सांगू शकतो. ॲप उघडल्यावर मोबाईलवर एक क्रमांक येतो. तो मुलाला सांगायचा आणि मोबाईल विचारील तेव्हा परवानगी द्यायची. येथे परवानग्या दोन असतात, हे नीट ध्यानात घ्यावे. पहिली पडदा दाखविण्याची. दुसरी ‘ॲक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे समोरच्याला आपल्या जागी बोट लावू देण्याची. पुष्कळांना वाटते की नुसते पाहू दिले तर काय बिघडते? अहो, बँकेचा ओटीपी त्याच पडद्यावर येतो! चोराला बोट लावण्याची गरजच उरत नाही.

फसवणूक नेमकी याच दारातून होते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या नावानिशी बँकांना सावध केले होते. ॲप वाईट नाही. क्रमांक मागणारा कोण, हा प्रश्न आहे. “काका, तुमचा हप्ता अडकला आहे, केवायसी करून देतो, एवढे एक ॲप घ्या,” असा गोड आवाजात फोन येतो. अलीकडे तर व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाईलच येते, तीही कधी ओळखीच्या माणसाकडून, कारण त्याचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. ती उघडून परवानग्या दिल्या की आपले एसएमएस परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. शासनाचे ॲप घ्यावयाचे तर ते प्ले स्टोअरवरून घ्यावे, आलेल्या फाईलवरून कधीही नाही. हप्त्याची चौकशी तलाठी किंवा कृषी सहायकांकडे करावी.

आणखी एक गोष्ट साधी आहे पण घरोघर घडते. सातबारा छापायला आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो. तेथल्या संगणकावर व्हॉट्सॲप जोडतो, कागद घेतो आणि तसेच निघून येतो. जोडणी मात्र मागे राहते. मोबाईल बंद असला तरी त्या संगणकावर तुमचे निरोप येत राहतात. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी संगणक आजच काढून टाकावा. भगिनींनी हे अवश्य तपासावे, घरचे फोटोही त्यात असतात.

मोबाईल आपोआप चालतो आहे असे दिसले तर काय करावे? प्रथम विमानाचे चिन्ह दाबून त्याचा संपर्क तोडावा. बंद करण्याची खटपट पडद्यावर करीत बसू नये. मग शेजाऱ्याच्या मोबाईलवरून १९३० वर फोन लावावा आणि लगेच बँकेला कळवावे. खाते क्रमांक, रक्कम, वेळ व व्यवहाराचा क्रमांक पासबुकात लिहून ठेवलेला असला तर तक्रार लवकर नोंदली जाते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळविले जातात. ते मध्येच गोठवायचे तर पहिला तास, दोन तासच कामाचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, खातेदाराच्या हयगयीने गुप्त आकडा बाहेर गेला असेल तर बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणून लाजेखातर रात्र काढू नये. पोरे हसतील, गावात बोभाटा होईल, असा विचार करीत बसलेल्याचे पैसे अधिक जातात.

त्यानंतर ते ॲप काढून टाकावे, ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये दुसरे काही चालू राहिले नाही ना ते पाहावे आणि यूपीआयचा पिन दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून बदलून घ्यावा. तोवर त्या मोबाईलवर बँकेचे ॲप उघडू नये.