एका शेतकऱ्याचा नकार

(युवा शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)

दोस्तहो, मला विषय दिलाय 'धर्म आणि विवेक'. मी धर्माचा अभ्यासक नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस आहे. म्हणून व्याख्या सांगत बसत नाही, एका शेतकऱ्याबद्दल बोलतो. तो आपल्या देशाचा नव्हता, आपल्या धर्माचाही नव्हता.

त्याचं नाव फ्रान्झ यागरश्टेटर. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या लहानशा गावात १९०७ साली त्याचा जन्म झाला. आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. पुढे आईने लग्न केलं, सावत्र वडिलांनी त्याला दत्तक घेतलं आणि शेती त्याच्याकडे आली. तरुणपणी त्याने मारामाऱ्या केल्या, लोखंडाच्या खाणीत काम केलं. गावातली पहिली मोटारसायकल त्याचीच. म्हणजे आपल्या मोहल्ल्यात असतात तसाच एक पोरगा. १९३६ मध्ये फ्रान्झिस्काशी त्याचं लग्न झालं. दोघं मिळून बायबल वाचायची, प्रार्थना करायची. त्यांना तीन मुली झाल्या. फ्रान्झ पुढे गावच्या चर्चची देखभालही करू लागला.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडून घेतला. १० एप्रिलला त्यावर सार्वमत झालं. गावात विरोधात एकच मत पडलं, ते फ्रान्झचं. पण गावचा निकाल जाहीर झाला तो शंभर टक्के होकाराचा. त्याचं मत सरळ गाळलं गेलं. माझा रोजचा संबंध डेटाशी येतो. शंभर टक्के हा आकडा दिसला की मी आधी विचारतो, यातून कुणाला वगळलंय?

१९४० मध्ये त्याला लष्करी प्रशिक्षणासाठी बोलावलं. तेव्हा तो गेला. त्याच काळात मनोरुग्णांना आणि अपंगांना सरकारच ठार मारतंय, हे त्याच्या कानावर आलं. १९४१ च्या एप्रिलमध्ये तो शेतावर परतला तो मनाशी ठरवूनच, की या युद्धात हिटलरसाठी लढायचं नाही.

आता लक्षात घ्या. फ्रान्झ श्रद्धाळू होता, पण गावातले बाकीचेही श्रद्धाळूच होते. तेच चर्च, तोच ग्रंथ, त्याच प्रार्थना. त्याने धर्मगुरूंना विचारलं, लिन्झच्या बिशपांनाही जाऊन भेटला. सल्ला मिळाला तो असा, की तू घरादाराचा विचार कर, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं तुझं काम नाही. सल्ला देणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना त्याचा जीव वाचवायचा होता. पण त्याचा प्रश्न तसाच राहिला: हुकूम दुसऱ्याचा असला, तरी हात माझे असतील तर पापातला माझा वाटा कुठे जातो? हिशोब ज्याचा त्यालाच द्यायचा असतो, हे आपणही लहानपणापासून ऐकत आलोय. त्याने ते शब्दशः घेतलं.

१९४३ च्या फेब्रुवारीत पुन्हा बोलावणं आलं. १ मार्चला तो एन्स इथल्या छावणीत हजर झाला आणि दुसऱ्या दिवशी लढायला नकार दिला. जखमींच्या सेवेचं काम करायला तो तयार होता. ते मानलं गेलं नाही. आधी लिन्झच्या, मग बर्लिनच्या तुरुंगात ठेवलं. ६ जुलैला लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात गिलोटिनखाली त्याची मान कापली गेली. वय ३६.

थोरली मुलगी तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती. फ्रान्झिस्काने आधी त्याला समजावून पाहिलं होतं, मग मात्र ती त्याच्या बाजूने उभी राहिली. त्याच्या मरणाचा दोष गावाने तिच्यावर ठेवला. विधवांचं निवृत्तीवेतन तिला १९५० पर्यंत नाकारलं गेलं. शेती तिने चालवली, मुली तिने वाढवल्या. त्यागाच्या गोष्टी सांगताना आपण पुरुषाचं नाव घेऊन थांबतो. या गोष्टीतला निम्मा नकार तिचा आहे.

तुम्ही विचाराल, उपयोग काय झाला? युद्ध एक दिवसही आधी थांबलं नाही. खरं आहे. १९६४ मध्ये गॉर्डन झान या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने त्याच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे जगाला तो माहीत झाला. १९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द ठरवली. २००७ मध्ये चर्चने त्याला 'धन्य' घोषित केलं, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तिथे हजर होती. पण यातलं काहीच त्याला माहीत होणार नव्हतं. आपलं नाव कुणी घेईल म्हणून त्याने नकार दिला नव्हता.

आपल्याकडे कुणी मान मागत नाहीये. मागतात ते छोटे छोटे होकार. दुसऱ्या समाजाबद्दलचा खोटा मेसेज पुढे पाठवायचा. निकाहात हुंडा ठरताना मान खाली घालून बसायचं. मोहल्ल्यात एखाद्या बाईला घराबाहेर काढलं, तर 'जमातीचा निर्णय आहे' म्हणून गप्प राहायचं. ऑफिसात एखाद्याच्या जातीवर विनोद झाला की हसायचं. आणि वर म्हणायचं, मी नमाज पढतो, रोजे ठेवतो, माझं काय चुकतंय? सांक्ट राडेगुंडचे लोकही दर रविवारी चर्चला जातच होते.

म्हणून एक विनंती करतो. पुढच्या बैठकीत कुणी म्हणालं की सगळ्यांचं एकमत आहे, तर कोपऱ्यात गप्प बसलेल्याला बोलायला लावा. बहुधा ती एखादी मुलगी असेल, तिला आधी. आणि वेगळं मत फक्त तुमचंच असेल, तर आवाज न चढवता, कुणाला काफिर-गद्दार न म्हणता, ते सांगा. इतिवृत्तात त्याची नोंदही करायला लावा.

आता प्रश्न विचारा.