शिनोळीची लेक बाचीला नांदायला आली की
(महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे, थोडं सावरून.)



सीमाप्रश्नाचा इतिहास सांगायला माझ्यापेक्षा जाणती माणसं इथं बसलीत. मी रेशन कार्डाबद्दल बोलणार आहे. हसू नका. सीमा नकाशावर असते तशी ती कार्डावरही असते, आणि लग्न झालेल्या पोरीला ती पहिल्यांदा तिथंच भेटते.

शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. बाची बेळगाव तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. मधलं अंतर पायी जाण्यासारखं. बोली एक, देव एक, सोयरीक तर पिढ्यान् पिढ्यांची. आता शिनोळीची पोर बाचीला सून म्हणून आली. माहेरी तिला लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळत होते समजा. ती योजना महाराष्ट्राच्या रहिवासी बाईसाठी आहे. नांदायला इकडं आली की ते थांबायला हवेत, तसा नियमच आहे. बरं, इकडं गृहलक्ष्मीचे 2000 आहेत की, असं म्हणाल. आहेत, पण ते एका कार्डामागं एकाच बाईला, कार्डावर जी कुटुंबप्रमुख आहे तिला. घरात सासू असली की प्रमुख सासू. म्हणजे सुनेचे गेले 1500 आणि आले शून्य.

यात सासूचा दोष नाही, हे आधी सांगते, नाहीतर घरी जाऊन भांडणं लावाल. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यातच लिहिलंय की, घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ती कार्डाची प्रमुख. तो नियम चांगला आहे, बाईच्या नावावर काहीतरी आलं त्यानं. फरक आहे तो दोन सरकारांनी 'कुटुंब' कुणाला म्हटलंय त्यात. लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. त्या व्याख्येप्रमाणं तिकडं एकाच छताखाली सासूचं कुटुंब वेगळं, सुनेचं वेगळं. इकडं कार्ड म्हणजे कुटुंब, पोळ्या कितीही जणी लाटोत. म्हणून तर लोक कागदावर चुली वेगळ्या करायला धावतात. मला ते पटत नाही. खोटं वेगळं राहणं चौकशीत उघडं पडतं, आणि तेव्हा सगळ्यांचंच कार्ड अडकतं.

आता उत्पन्नाचं बघा, खरा घोळ तिथं आहे. कर्नाटकात बीपीएल कार्डासाठी घराचं वर्षाचं उत्पन्न 1 लाख 20 हजाराच्या आत लागतंय. म्हणजे महिन्याला 10 हजार. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत हेल्पर, मिळतात 8 हजार. ती माहेरी शिलाई करून 5 हजार मिळवायची. वेगवेगळे होते तेव्हा दोघंही मर्यादेच्या आत. अक्षता पडल्या, एका घरात आले, बेरीज 13 हजार. वर्षाचे 1 लाख 56 हजार. कुणाचा पगार वाढला काय? एक पैसा नाही. पण कागद म्हणतो, तुम्ही आता गरीब नाही. बीपीएल गेलं की अन्नभाग्यचं धान्य गेलं. एपीएल कार्डावर गृहलक्ष्मी मिळते, तेवढी जात नाही, हे लक्षात ठेवा. कार्डाचा रंग बदलला म्हणून तेही बंद झालं असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

नवऱ्याची कमाई बायकोच्या हातात येते असं धरून ही बेरीज होते. येते की नाही, ते या मांडवातल्या बायकांनी मला सांगावं.

गृहलक्ष्मीला दुसरी एक अट आहे: बाई किंवा तिचा नवरा आयकर भरणारा नसावा, जीएसटीचं विवरण भरणारा नसावा. पोरानं गाडीच्या कर्जासाठी आयकराचं विवरण भरलं, कर शून्य, आणि आईचा अर्ज अडला, अशा तक्रारी माझ्याकडं येतात. आधी अट नीट वाचा. पोरगा कर भरतो की नाही याचा संबंध आईशी नाही, नवऱ्याशी आहे. आणि कर भरणं वेगळं, शून्याचं विवरण देणं वेगळं. तसं अर्जात लिहून द्या, विवरणाची प्रत जोडा.

उलट बाजूचंही सांगते. बाचीची पोर शिनोळीला दिली तर? तिचा जन्म कर्नाटकातला, शाळेचा दाखला इकडचा. लाडकी बहीण योजनेत याची सोय आहे. परराज्यात जन्मलेल्या बाईनं महाराष्ट्राच्या रहिवाशाशी लग्न केलं असेल तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास दाखला चालतो. वय 21 ते 65 आणि कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, या अटी तिलाही आहेतच. हे माहीत नसल्यानं पोरी माहेरी दाखल्यासाठी हेलपाटे घालतात.

आणि आमचं 865 गावांचं काय? महाराष्ट्रानं 2023 मध्ये या गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्याचं स्वागत आपण केलंच. पण त्यावरून लाडकी बहीणही आपल्याला लागू आहे म्हणून सांगत कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. ती लागू नाही. मागणी करायची तर सभेत ठराव करून करू, एजंटाला पैसे देऊन नको.

दोन्हीकडं नाव ठेवायचा मोह होतो, मला ठाऊक आहे. माहेरच्या कार्डावर नाव राहू दे, सासरच्याही घालू. आधार जोडलेलं आहे, दोन जागी नाव टिकत नाही, आणि ते बेकायदाही आहे. आधी माहेरच्या तहसील कचेरीतून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, मग इकडं अर्ज करा. हा मधला काळ वाईट. नाव तिकडून गेलेलं, इकडं चढलेलं नाही, आणि नेमकं तेव्हाच पोर पोटुशी असते. त्यासाठी मी एवढंच म्हणते की, लग्नपत्रिका छापायला देतानाच कागदांची पिशवी भरायला घ्या.

उडकी लावलेल्या किंवा तसंच एकत्र राहणाऱ्या बायकांना थोडं बाजूला घेऊन बोलायला हवं, पण इथंच सांगते. विधवा म्हणून पेन्शन चालू असेल तर पुन्हा लग्न झाल्यावर ती बंद होते. लग्न न लावता राहणाऱ्या बाईला 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं संरक्षण दिलंय, मारहाण झाली तर ती दाद मागू शकते. तिला नावं ठेवणाऱ्यांनी तिचा महिन्याचा हिशेब आधी मांडून बघावा.

शेवटी भाषेचं. ग्राम वनमध्ये फॉर्म कन्नडमध्ये, सही आपली, आत काय लिहिलंय ठाऊक नाही, असं होऊ देऊ नका. वाचून दाखवायला लावा. तक्रार मात्र मराठीत लिहा. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानं कुठल्याही अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं त्या राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क प्रत्येकाला दिलाय. टेबलावरचा माणूस 'कन्नडमध्ये आणा' म्हणाला तर वाद घालू नका, 350 लिहिलेला अर्ज पुढं करा आणि पोच मागा. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.

कार्ड, दोघांची आधार, पासबुक आणि माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला, एवढं घेऊन कुणी आलं असेल तर कार्यक्रम संपल्यावर उजव्या हाताच्या टेबलापाशी थांबा. आम्ही तिघीजणी आहोत, आज जमेल तेवढे अर्ज मराठीत लिहून देतो.