बी सादळू देऊ नका
(नंदाखाल येथील प्रौढ वर्गासाठी भाषण)



आज आपण घरच्या बियाण्याविषयी बोलू. बाजारातली पुडी फोडली आणि पेरली, की काम झाले, असे पुष्कळजण म्हणतात. पण आपल्या घरचा वाल, वाडीतले वांगे, कुंपणावर चढणारे शिराळे, यांचे बी पुडीत मिळेलच असे नाही. ते आपणच धरायचे असते. एका वर्षी ते उगवले नाही आणि शेजारीपाजारीही उरले नाही, तर ते वाण गेलेच. मग पैसे मोजूनही परत येत नाही.

भाताचे बी दिवाळीच्या सुमारास घरात येते आणि पावसाच्या तोंडावर पेरले जाते. म्हणजे ते कोरडे दिवसच काढते. वालाचे तसे नाही. भात कापल्यावर जमिनीत ओल असते, तिच्यावर वाल पेरतात. होळीच्या आगेमागे शेंगा वाळतात. पुढची पेरणी पुन्हा भात कापल्यावर. मधे सगळा पावसाळा आला! नंदाखालपासून समुद्र जवळ. त्या चार महिन्यांत हवा कशी असते ते तुम्हांला सांगायला नको. बाहेर राहिलेला पापड संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. सुके बोंबील सादळतात. मिठाला पाणी सुटते. मग बी तरी कसे सुटेल? उन्हाळ्यात कडक वाळवलेले बी उघडे ठेवले, तर पावसाळ्यात हवेतली ओल पुन्हा पिते.

बी जिवंत असते, बरे का. झोपलेले असते इतकेच. ओल लागली की त्याचा श्वास वाढतो, आतले अन्न झिजते, बुरशी धरते, किडे पडतात. बियाच्या वजनाच्या १०० भागांत जेवढे भाग पाणी, त्यातला एकच भाग कमी केला तरी बियाचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे.

बियासाठी वेल आधीच ठरवावा. त्याच्या चांगल्या, भरदार शेंगा तोडू नयेत, वेलावरच वाळू द्याव्यात. हलवल्यावर आत दाणा वाजला की काढाव्यात. दाणे सोलून चटईवर पातळ पसरावे. वसईच्या लोकांना वाळवण शिकवायची गरज नाही, सुकेळी तुमच्याच घरची. पण एक फरक ध्यानात धरावा. केळे उन्हात तापले तरी चालते, बी तापलेले चालत नाही. दुपारच्या उन्हात सिमेंटच्या गच्चीवर किंवा पत्र्यावर बी टाकले, तर आतला जीव भाजून जातो. सकाळचे कोवळे ऊन द्यावे, दुपारी सावलीत घ्यावे. दव पडायच्या आत उचलावे. असे तीन-चार दिवस तरी करावे.

वांगे, काकडी, शिराळे ही पूर्ण पिकू द्यावीत. वांग्याचे व काकडीचे बी गर धुऊन सावलीत फडक्यावर पसरावे. शिराळे वेलावरच वाळले तर धुवायचेही काम नाही.

बी वाळले की नाही, हे कसे ओळखावे? दाताखाली दाणा धरावा. दाब बसला, खूण उमटली, तर ओल आहे. कट्‌कन फुटला तर बरे. दुसरी परीक्षा मिठाची. तव्यावर गरम करून गार केलेले चिमूटभर मीठ आणि मूठभर बी कोरड्या काचेच्या बाटलीत घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर बी ओले आहे. नाही चिकटले, तरी वालाला आणखी एक-दोन दिवस ऊन द्यावेच.

आता भरणे. ऊन ऊन बी बरणीत भरू नये, आत घाम धरतो. रात्रभर घरात गार होऊ द्यायचे म्हटले तर ते दव पिते, म्हणून सावलीत गार झाले की लगेच भरावे. वालात भुंग्याची अंडी शेतातूनच येतात. त्यासाठी चुलीची चाळलेली, कोरडी, गार राख बियात मिसळावी. किड्याला फिरायला वाट राहत नाही. बरणी गळ्यापर्यंत भरावी. जागा उरली तर भाजून गार केलेले तांदूळ फडक्यात बांधून वर ठेवावेत, ते ओल ओढतात. झाकण घट्ट लावावे, आणि पावसाळ्यात 'जरा बघू' म्हणून उघडू नये.

जुन्या बायका बियाचे गाठोडे चुलीवर टांगत. त्यांचे बरोबर होते. धूर आणि ऊब असे, त्याने ओल आणि किडा दोन्ही दूर राहत. पण आता घरोघर गॅस आला. गॅसच्या स्वयंपाकघरात धूर नाही, वाफ मात्र आहे. म्हणून बरणी तिथे नको, थंड कोरड्या खोलीत ठेवा.

आणखी एक काम, आणि ते आता तुम्ही स्वतः करू शकता. चिठ्ठीवर लिहा: कोणते बी, कोणत्या वेलाचे, कोणता महिना, कोणते साल. ती बरणीत टाका. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणांचे बियाणे घरी जपले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी स्मरणावर केले, आपल्याला तर चिठ्ठीची सोय आहे.

बाजारातल्या संकरित वाणाचे बी मात्र धरू नका. पुढच्या पिढीत ते फुटते, एकसारखे पीक येत नाही.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी बरणी उघडा. १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडके सुकू देऊ नका. आठवड्याने मोजा. ८० मोडले तर निर्धास्त पेरा. ६० मोडले तर बी जरा जास्त टाका. निम्म्याहून कमी मोडले, तर त्या दिवशीच उठून शेजारणीकडे जा. पंधरा दिवस हातात आहेत. तिच्याकडे नसेल, तर उमराळ्यात, निर्मळात, आगाशीत कुणाकडे तरी मिळेल.