गाल तापतात, चेहरा चुरचुरतो



उन्हातून घरी आलात.
तोंड धुतलं, तरी गाल बराच वेळ तापलेलेच?
साधा साबणही झोंबतो?
हा रोझेशिया नावाचा त्वचाविकार असू शकतो.

सावळ्या चेहऱ्यावर याची लाली चटकन दिसत नाही.
म्हणून जळजळीकडे लक्ष द्या.

हा त्रास उन्हाने भडकतो.
तेव्हा आधी सावली, मग सनस्क्रीन.

छत्री घ्या, नाहीतर रुंद काठाची टोपी.
सनस्क्रीन घेताना ट्यूबमागचं वाचा.
झिंक ऑक्साइड असलेलं,
बिनवासाचं,
एसपीएफ 30 किंवा जास्त.
आधी कानामागे थोडंसं लावून बघा.
झोंबलं नाही, तरच चेहऱ्याला.
बाहेर असाल, तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

ढगाळ दिवशीसुद्धा हेच.
आधी सावली, मग सनस्क्रीन.

लिंबू चोळू नका.
बेसनाने घासू नका.
कोमट पाणी, सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर पुरे.

आणि एक कळकळीची विनंती.
गोरं होण्यासाठी म्हणून कुणी सुचवलेली स्टिरॉइडची ट्यूब लावू नका.
सुरुवातीला छान वाटतं.
पुढे लाली वाढते, पुळ्या येतात.
आधीपासून लावत असाल, तर मनाने एकदम थांबवू नका.
तीच ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.